बाळ येशू, दत्त आणि टिळकांचा दत्तू

"अहो काकू, ऐकलंत का? समोरच्या आजींचा नातू काल मित्रांबरोबर नाशिकरोडला बाळ येशूच्या यात्रेला गेला होता. मेणबत्ती लावून आला म्हणे!"

काकू कंपाउंडच्या भिंतीवर ताटली ठेवून मटार सोलत होत्या. "मग? अर्धं नाशिक जातं तिथे."

"पुढचं ऐका. घरी आला, आजींच्या दत्ताला नमस्कार केला आणि म्हणतो, 'दोघांना सांगून ठेवलंय. ज्याला जमेल त्याने बाबांना आणावं.'"

काकूंचा हात थांबला. त्या घरातलं कॉलनीत कोणाला माहीत नाही? वडील दिवाळीपासून पुण्याला वेगळे राहतात, आई कोर्टाच्या तारखांना पळते, आणि आजी रोज संध्याकाळी पोराला पाटावर बसवून गुरुचरित्र वाचून घेतात. बायकांनी वाचायचं नसतं ना, म्हणून. दहा वर्षांचं ते पोर!

"आजी म्हणतात, बाटला."

"बाटतोय कसला! लक्ष्मीबाई टिळकांचा दत्तू आठवा. बाई आपल्या इथल्याच, जलालपूरच्या गोखल्यांची लेक. 1895 च्या फेब्रुवारीत नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा दत्तू जेमतेम चार वर्षांचा. घरात हलकल्लोळ. बाप मिशनऱ्यांत नगरला, आई पंढरपूरला."

"म्हणजे पोराचा एक पाय विठोबाच्या दारात, एक चर्चमध्ये."

"हो, आणि मजा पुढेच. काही वर्षांनी बाई नवऱ्याकडे नगरला गेल्या, पण सोवळं बरोबर घेऊन! चूल वेगळी, पाणी वेगळं. इकडे बापाची प्रार्थना, तिकडे आईचं सोवळं. बाईंच्या वडिलांना तर सोवळ्याचं वेडच होतं, बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात यायची नाही. बाईंच्या आठवणींचं 'स्मृतिचित्रे' वाचा हो, हसता हसता पोटात कालवतं."

"मग त्या बदलल्या कशा?"

"हळूहळू, आणि स्वतःच्या बुद्धीने. 1900 साली ख्रिस्ती झाल्या. नवऱ्याने फरफटत नेलं असतं तर त्या बाई जाणाऱ्यातल्या नव्हत्या. आणि दत्तूने कोणावर डूख धरला नाही. वडिलांचं चरित्र लिहायचं म्हणून त्यानेच आईच्या मागे लागून आठवणी लिहवून घेतल्या. टिळकांनी 'ख्रिस्तायन' या काव्याचे दहा-अकरा अध्याय लिहून ठेवले होते, पुढचं बाईंनी लिहिलं, शेवटचा अध्याय दत्तूचा."

मीही मग त्र्यंबकची गोष्ट काढली. "निवृत्तिनाथांचं तरी दुसरं काय? बापाचा संन्यास मोडला म्हणून घर वाळीत. ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेत वाघ आला, सगळे पांगले, पोर गुहेत शिरलं आणि तिथे गहिनीनाथ भेटले, असं सांगतात."

"बघा! नाथपंथ धरला म्हणून त्याला बाटला म्हणतं का कोणी? धाकट्या भावाला, ज्ञानदेवाला, त्यानेच दीक्षा दिली. पौषात थंडीत कुडकुडत दिंड्या जातात त्या त्याच्याच समाधीला. आपल्या आजीही गेल्या होत्या की गेल्या महिन्यात!" काकूंनी शेंगेतला किडका दाणा फेकून दिला. "बायकोशी पटत नाही, ठीक आहे, पोराला भेटायला काय झालं त्या माणसाला?"

मला एकदम आठवलं, पोराने परवा आमच्या गेटला टेकून विचारलं होतं, 'काकू, देवाला पुण्याचा पत्ता सांगावा लागतो का?' मी हसून विषय बदलला होता. ते मी काकूंना सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत, उरलेल्या शेंगा भराभर सोलून टाकल्या.

"आजींना समजावू का मी?" मी विचारलं.

"आजींना काही सांगू नका, त्या माझ्यावर सोडा. आणि पोराला तर मुळीच खोदून विचारू नका, त्याला जिथे हात जोडायचे तिथे जोडू दे. तुमच्या ह्यांच्या ऑफिसात होता ना त्याचा बाप? नंबर असेल. आज रात्रीच फोन लावायला सांगा. म्हणावं, शनिवारी ये, घरात जायचं नसेल तर आमच्याकडे बस, पण पोराला भेटून जा."