रस्ता जिकडे, तिकडे काच

अहिल्यानगर शहरात नवं व्यापारी संकुल उभं राहिलं की दर्शनी भागावर निळी काच चढते. तिची दिशा सूर्य ठरवत नाही, रस्ता ठरवतो. रस्ता पश्चिमेला असेल तर काचही पश्चिमेलाच. आत बसणाऱ्यांची दुपार त्यामुळे भाजून निघते.

आपलं शहर १९ अंश अक्षांशावर आहे. मेच्या मध्यावर भरदुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. तेव्हा साधा छज्जाही पुरतो. खरा त्रास तीननंतरच्या कलत्या उन्हाचा. त्याला उभा आडोसा लागतो आणि तोही काचेच्या बाहेर. कारण ऊन एकदा आत शिरलं की फरशी, टेबलं तापतात आणि त्यांची उष्णता काच बाहेर जाऊ देत नाही. मग आतून कितीही जाड पडदा ओढा, एसीचं बिल चढतंच. वीज गेली तर न उघडणाऱ्या काचेमागे माणसं घुसमटतात.

याच शहरात १५८३ साली पूर्ण झालेला फराहबाग महाल आहे. जाड भिंती, खोल कमानी, मधोमध घुमटाचं उंच दालन, भोवती एके काळी तलाव. निजामशाहीतल्या कारागिरांनी आधी सावली बांधली, मग उजेडाला वाट दिली. आपण नेमका हा क्रम उलटा केला.

केंद्राची ऊर्जा संवर्धन इमारत संहिता २०१७ साली सुधारली. तिच्या ठरीव निकषांनुसार बाहेरच्या भिंतींत ४० टक्क्यांहून जास्त काच नको. उत्तर सोडून इतर बाजूंच्या काचेनं उन्हाची जेमतेम पाव हिस्सा उष्णता आत सोडावी. पण ही संहिता १०० किलोवॅट वा त्याहून अधिक जोडभाराच्या इमारतींसाठी आहे. संगमनेर, श्रीरामपूरची छोटी संकुलं त्यातून सुटतात.

काच जरूर वापरा. उत्तरेला मोठी घ्या, पश्चिमेला थोडकी. पश्चिमेला बाहेरून फिरत्या झडपा बसवा, म्हणजे उन्हाळ्यात मिटता येतील, पावसाळ्यात उघडता येतील. तावदानं उघडणारी हवीत, आणि एक फुटलं तर तेवढंच बदलता यायला हवं. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या जिल्ह्यात धुळीनं माखलेली अख्खी काचभिंत धुवायला पाणी कुठून आणणार, याचाही हिशेब आधीच मांडा.

महापालिका आणि नगरपालिकांनी स्वतःहून एक नियम करावा: पश्चिमेची सावली नकाशावर दाखवलेली नसेल, तर बांधकाम परवाना नाही.