फक्त क्लासपर्यंत

चिन्मय स्कूटरवर दिसला की आधी त्याची मान दिसते. वय सतरा, अंगाने काडी आणि मान उजव्या खांद्यावर कललेली. खांदा आणि कान यांच्यामध्ये मोबाइल. हेल्मेट नसतं असं नाही. ते पायाशी असतं, बहुधा टोमॅटोंनी भरलेलं. २०२१ च्या १५ ऑगस्टपासून नाशिक पोलिसांनी ‘नो हेल्मेट, नो पेट्रोल’ सुरू केलं, तेव्हा ते घरात आलं. त्या दिवसांत पंपावर एकाचं हेल्मेट दुसऱ्याच्या डोक्यावर फिरायचं. चिन्मयच्या पप्पांना हे पटेना, त्यांनी स्वतःचं घेतलं. मोहिमेचा जोर ओसरला, हेल्मेट भाजीकडे लागलं.

गंगापूर रोडवर रात्री बुलेटचे फटाके फोडणाऱ्या पोरांतला हा नव्हे. याचा काटा चाळीसच्या पुढे जात नाही. सोसायटीतल्या समस्त आज्या त्याला गुणी म्हणतात, आणि तो आहेच गुणी. कुणाचाही फोन तो टाळत नाही.

गेटबाहेर चाक पडतं न पडतं तोच मम्मीचा फोन. ‘निघालास का?’ कॉलेज रोडला दुसरा. ‘कुठवर आलास?’ कॅनडा कॉर्नर येईतो तिसरा. ‘रस्ते कसले मेले, माझा जीव थाऱ्यावर नसतो. आणि फोनवर बोलत चालवत नाहीयेस ना?’

‘नाही गं मम्मी,’ चिन्मय म्हणतो, आणि डाव्या हाताने समोरच्या रिक्षावाल्याला ‘थांब जरा’ अशी खूण करतो.

मेसेज आला तर बैठक बदलते. मान सरळ होते, पण नजर खाली जाते. डाव्या हातात फोन, अंगठा अक्षरांवर. उजव्या हाताकडे रेस. डाव्या ब्रेकला अशा वेळी कुणी वाली नसतो. मजकूर तरी काय, तर ‘आलोच’. समोरचा मित्रही त्याच वेळी दुसऱ्या गल्लीतून तसाच येत असतो आणि त्याला ‘मी पण’ असं कळवतो. पाच मिनिटांनी दोघे भेटणारच असतात.

एकदा सिग्नलला मी त्याच्या शेजारी होतो. म्हटलं, पोरगा सीईटीची तयारी करतोय, त्याच्याच भाषेत सांगावं. ‘चिनू, ताशी चाळीस किलोमीटर म्हणजे सेकंदाला किती मीटर?’

‘अकरा पूर्णांक एक, काका.’ कागद नाही, पेन नाही.

‘मग दोन सेकंद फोनकडे बघितलं तर?’

‘बावीस मीटर.’ जरा विचार करून म्हणाला, ‘सिटीलिंकची मोठी बस बारा मीटरची धरली, तर जवळजवळ दोन बस. काका, यात रिअॅक्शन टाइमही धरायचा का? मग वाढेल.’ गणित अचूक होतं. सिग्नल हिरवा झाला, त्याच्या खिशात काहीतरी टिंग झालं आणि तो दोन बस लांबीचा रस्ता न बघता निघून गेला. आपल्याकडे भौतिकशास्त्राचा पेपर वेगळा आणि रस्ता वेगळा असतो, त्याला हा बिचारा काय करणार!

शेवटी मी त्याच्या पप्पांकडे गेलो आणि पोराच्या वयाचा विषय काढला.

‘अहो, बिनगिअरच्या गाडीला सोळा चालतात,’ पप्पा म्हणाले. अर्धा कायदा बरोबर होता. सोळाची ती सवलत पन्नास सीसीपर्यंतच्या गाड्यांना, लुनाच्या जमान्यातली, आणि लायसन तिलाही लागतंच. चिन्मयखालची अॅक्टिव्हा त्याच्या दुपटीहून मोठी. हे सांगितलं, तर पप्पांनी हुकमी पत्ता टाकला. ‘पण जातो कुठे तो? फक्त क्लासपर्यंत.’ मोटार वाहन कायद्यात क्लाससाठी वेगळं कलम असल्यासारखं.

हेच पप्पा मे २०२४ मध्ये, पुण्याच्या कल्याणीनगरात पोर्शेच्या धडकेत दोन तरुण गेले आणि गाडी सतरा वर्षांचा मुलगा चालवत असल्याचं पोलिसांनी सांगितलं, तेव्हा टीव्हीसमोर बसून ‘आईबाप झोपले होते का?’ म्हणून विचारत होते. घरात इतरांना बातम्या ऐकू येईनात इतक्या मोठ्याने.

मी मोबाइलवर कलम १९९अ काढलं आणि वाचून दाखवलं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला, तर तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, मुलाला पंचविशीपर्यंत लायसन नाही.

‘पंचवीस हजार?’ पप्पा सावरून बसले. ‘आणि कैद कुणाला?’

‘पालकाला किंवा गाडीच्या मालकाला.’

पप्पांनी स्वयंपाकघराकडे एक नजर टाकली आणि आवाज खाली आणला. ‘गाडी हिच्या नावावर आहे.’

‘पालक तुम्ही आहात.’

‘हो, पण “किंवा” आहे ना? म्हणजे दोघांपैकी एकच.’

एवढ्यात आतून हाक आली. ‘अहो, क्लास सुटला असेल. चिनूला फोन लावा, येताना कोथिंबीर आण म्हणावं.’

पप्पांनी लावला. त्याने पहिल्याच रिंगला उचलला.