तीनदा विकलेली कोंबडी

बिबट्याच्या धास्तीनं आमच्या आणि शेजारच्या माईंच्या परसाच्या मधली मेंदी तोडून तारेची जाळी लावली, त्यालाही आता बरेच दिवस झाले. मेंदी होती तेव्हा चहाचा कप, वाटीभर साखर, उसनं पीठ असं सगळं इकडून तिकडं जायचं. आता फक्त बातमी जाते. पण ती पूर्वीपेक्षा जोरात जाते, कारण जाळीला नाक लावून बोलावं लागतं.

माई म्हणजे रिटायर झालेल्या नर्स. शिनोलीत त्यांना सगळे नर्सबाई म्हणतात. शिक्षण मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात झालं, तिथली खोलीतली मैत्रीण ख्रिस्ती, आणि दोघींचं अजून इतकं गूळपीठ की वर्षातून एकदा तरी माई कोल्हापूरकडं तिच्या गावी जाऊन राहतात. परवा आल्या त्या तिथून. संध्याकाळी मी दोरीवरचे कपडे काढत होते, आमच्या आत्याबाई ओट्यावर पावट्याच्या शेंगा सोलत होत्या, आणि पलीकडून माईंची हाक आली.

“अगं, दोघं बोलायला लागले!”

“कोण दोघं?”

“ते चुलतभाऊ! मागच्या वेळी नव्हतं का सांगितलं? एका आजोबाची नातवंडं, बांधावरून बिनसलेलं. आणि कसं जुळलं ते कुणी सांगेना. माझा जीव नुसता कासावीस झालाय.”

“गाव कुठलं म्हणालात?”

“गावाचं नाव नाही सांगायची. तुझ्या आत्याबाई बाजारच्या दिवशी घोडेगावात पोचवतील.”

“मला काय करायचंय त्यांचं गाव,” आत्याबाई शेंगेवरची नजर न काढता म्हणाल्या. “पण येशूच्या मान्सांना बी बांध असतो व्हय?”

“जमीन आहे तिथं बांध आहे, आत्याबाई. नांगराच्या एका तासाएवढी जागा. त्याच्यापायी तीन वर्षं एकमेकांचं तोंड पाहिलं नाही, आणि दर रविवारी एकाच चर्चमध्ये! एक उजवीकडच्या बाकावर, एक डावीकडच्या. बायका मात्र मागं भगिनी मंडळात शेजारी बसून कुजबुजायच्या.”

मग माईंनी प्रभुभोजनाचं सांगितलं. मी चर्च पाहिलंय ते नाताळात बाहेरून, त्यामुळं मला हे सगळं नवीनच होतं. आपण प्रसादाला उठून पुढं जातो. तिथं लोक बाकावर बसून राहतात आणि वडील मंडळी ताट घेऊन त्यांच्यापाशी येतात. वडील म्हणजे मंडळीनं निवडलेले पंच. एका ताटात भाकरीचे तुकडे, दुसऱ्यात द्राक्षाच्या रसाचे पेले. “पेले एवढेसे,” माईंनी चिमटीनं माप दाखवलं, “आम्ही वॉर्डात औषध मोजून द्यायचो ना, तेवढे. ताट बाकावरून हातोहात सरकत जातं. तर हा थोरला, ताट आलं की घ्यायचा आणि तसंच शेजाऱ्याच्या हातात द्यायचा. तीन वर्षं! स्वतः काही घ्यायचा नाही.”

“आणि कुणी बोललं नाही?”

“कोण काय बोलणार? त्यांच्या शास्त्रातच आहे, भावाशी वाकडं असेल तर आधी ते सरळ करून ये आणि मग देवापुढं ये. त्याला ते पटत होतं म्हणून तर घेत नव्हता. पटत नसतं तर घटाघटा प्याला असता.”

“आनि धाकला?”

“तो प्यायचा!”

आत्याबाईंच्या हातातली शेंग मोडली आणि दाणे ओट्याखाली गेले. त्यांचं आणि त्यांच्या धाकट्या जावेचं गेल्या सप्ताहापासून बोलणं नाही. पंगतीला पोळ्या कमी पडल्या त्या कुणामुळं, यावरून. तरी काल्याच्या दिवशी दोघींनी एकाच विणेकऱ्याच्या पाया पडून एकाच पातेल्यातला काला घेतला होता. हे सगळ्या वाडीला माहीत. माईंनाही माहीत. माई तिकडं न बघता पुढं बोलत राहिल्या, म्हणजे मुद्दाम बघत नव्हत्या.

“पण मग तिथला बुवा काय करतो?” आत्याबाईंनी दाणे वेचत विचारलं. “त्यानं दोघांना उभं करून सुनवायचं ना.”

“पाळक म्हणतात त्यांना. पाळकाचं एकट्याचं चालत नाही तिथं. उपदेश तो करतो, पण कुणाला सभासद करून घ्यायचं, कुणाला समज द्यायची, ते वडील मंडळींबरोबर बसून ठरवायचं. मूळ स्कॉटलंडचा खाक्या आहे तो. तिथून अमेरिकेत गेला, अमेरिकेतून आपल्या कोल्हापुरात. आता १९७० पासून वर बिशप आहे. नागपुरात २९ नोव्हेंबरला सहा चर्चं एक झाली ना, तेव्हापासून. पण जुनी माणसं अजून म्हणतात, आम्ही प्रेसबिटेरियन.”

हा शब्द माई एका दमात म्हणाल्या. आत्याबाईंनी तो म्हणून बघायचा प्रयत्नही केला नाही.

माईंच्या मैत्रिणीचा नवरा निवृत्त मास्तर आणि त्या चर्चचा वडील. जेवणानंतर सुपारी कातरत इतिहास सांगायची त्याला हौस. त्यामुळं माईंकडं गावच्या भांडणांबरोबर शंभर-दीडशे वर्षांपूर्वीची भांडणंही आली होती, आणि खरं सांगायचं तर मला तीच जास्त आवडली.

कोल्हापुरात मिशन सुरू करणारा रॉयल वाइल्डर हा अमेरिकन पाद्री १८५२ साली आला. पुढं त्याचं आणि त्याच्या बोर्डाचं फाटलं. बोर्डानं कोल्हापूरचं काम बंद केलं, तर हा बहाद्दर १८६१ मध्ये स्वतःच्या हिमतीवर परत आला आणि वर्षानुवर्षं एकट्यानं गाडा ओढत राहिला. १८७० मध्ये अमेरिकेतल्या प्रेसबिटेरियनांनी त्याला पंखाखाली घेतलं, म्हणून कोल्हापूर, मिरज, सांगलीकडची मंडळी प्रेसबिटेरियन. “म्हणजे बघ,” माई म्हणाल्या, “हेड ऑफिसशी भांडण झालं नसतं तर ते कुठल्या पंथाचे झाले असते कोण जाणे.”

स्कॉटलंडवाल्यांची तर आणखी तऱ्हा. १८४३ साली त्यांच्या मूळ चर्चमध्येच उभी फूट पडली. गावच्या देवळात पाद्री कोण, हे जहागीरदारानं ठरवायचं की मंडळीनं, यावरून. मुंबईत ज्यांच्या नावानं विल्सन कॉलेज आहे ते जॉन विल्सन फुटून निघालेल्यांत होते. शाळेची इमारत जुन्या चर्चची, त्यामुळं ती सोडून त्यांचे मिशनवाले मुलांना घेऊन बाहेर पडले. त्याच वर्षी त्यांच्या मिशनात नारायण शेषाद्री नावाच्या ब्राह्मण तरुणानं बाप्तिस्मा घेतला. त्याच्या धाकट्या भावावरून, श्रीपतीवरून, कोर्टकचेरी झाली. कोर्टानं मुलगा घरच्यांच्या हवाली केला. मग त्याला परत जातीत घ्यायचा की नाही यावरून ब्राह्मणांतच जुंपली. बाळशास्त्री जांभेकर घ्या म्हणणाऱ्यांच्या बाजूचे. नारायण शेषाद्री मात्र ख्रिस्तीच राहिले, पुढं पाळक झाले आणि निजामाच्या मुलखात जालन्याजवळ बेथेल नावाचं गाव वसवलं.

धर्मसंस्थांचे इतिहास लिहिणारे बहुधा ही भांडणं शेवटच्या टिपेत घालतात. मला वाटतं, मंडळी म्हणजे काय चीज आहे ते भांडणातच कळतं. प्रवचन सगळीकडं सारखंच असतं.

“आवं पर ते चुलतभाऊ?” आत्याबाई म्हणाल्या. इतिहासात त्यांना रस नव्हता.

“तेच सांगतेय. कापणीचा सण होता. पीक आलं की त्यातलं पहिलं देवापुढं आणायचं. तांदूळ, गूळ, उसाची मोळी, भोपळे, नारळ, अंडी. उपासना झाली की बाहेर मांडवात त्या सगळ्याचा लिलाव, आणि पैसा चर्चला. गाणी तर काय सांगू! पेटी, तबला, झांजा. ना. वा. टिळकांची पदं.”

“टिळक? मंडालेवाले?”

“नाही हो, हे कोकणातले नारायण वामन. १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. स्मृतिचित्रे लिहिणाऱ्या लक्ष्मीबाईंचे यजमान. बाईंनी नंतर पाच वर्षांनी घेतला, तोही स्वतःला पटल्यावर. टिळक अहमदनगरच्या मिशनातले, म्हणजे खरं तर दुसऱ्या पंथाचे. १९२४ मध्ये ते पंथ एकत्र आले, पण गाणी त्याआधीच पोचली होती. शेवटी शेवटी तर टिळकांनी मिशनचा पगारच सोडला आणि देवाचा दरबार काढला. बाप्तिस्मा झालेला असो की नसो, यावं त्यानं.”

“मंग आपल्या भजनावानीच की.”

“चाली तशाच. तुम्ही असता तर टाळ घेऊन बसला असता. तर लिलावात धाकट्याच्या बायकोनं एक कोंबडी आणली होती. गावरान, पाय बांधलेली, अंगानं तांबूस. एका तरुण पोरानं उचलून धरली आणि ओरडला, पन्नास रुपये! माझ्या मैत्रिणीनं साठ म्हटलं. आणि मागून आवाज आला, शंभर. कोण, तर थोरला!”

“आगं बया!”

“मांडव गप्प. मैत्रीण पण वस्ताद, ती म्हणाली दीडशे. हा दोनशे. होता होता सातशेवर गेली. सातशे रुपये मोजले त्यानं, कोंबडी हातात घेतली, दोन मिनिटं काखेत धरून उभा राहिला, आणि पोराला म्हणाला, परत लिलावात घाल. तसं करतात तिथं, घेतलेली वस्तू परत द्यायची, पुन्हा बोली. तर या खेपेला धाकट्यानं घेतली! स्वतःच्याच घरची कोंबडी, नऊशेला. आणि त्यानंही परत दिली.”

“आनि बोलले?”

“एक अक्षर नाही. नऊशे मोजले आणि जाऊन उसाच्या मोळीपाशी उभा राहिला. पुढच्या रविवारी प्रभुभोजन होतं, मी मागच्या बाकावर. ताट आलं. थोरल्यानं हातात धरलं. त्याचा शेजारी सवयीनं हात पुढं करून बसलेला, आता देईल म्हणून. आणि यानं पेला उचलला, प्याला, आणि मग ताट पुढं दिलं. शेजाऱ्याचा हात तसाच हवेत. नंतर अंगणात बघते तर दोघं भाऊ मोटारसायकलपाशी, ट्रॅक्टरच्या डिझेलचं काहीतरी बोलत होते.”

“मग कोंबडीनं जुळवलं,” मी म्हटलं.

“कोंबडीनं कसलं! माझी खात्री आहे, मास्तरनं जुळवलं. आठवडाभर रोज रात्री जेवण झालं की बॅटरी आणि शाल घेऊन बाहेर पडायचा. मी विचारलं, मास्तर, कुठं? तर म्हणतो, साखर वाढलीय, डॉक्टरनं चालायला सांगितलंय. मी नर्स! मला शुगरचं सांगतो! याची शुगर मी स्वतः तपासली होती, नॉर्मल. बायकोला विचारलं, तर तिलाही ठाऊक नाही. म्हणाली, वडील झाल्यापासून असाच आहे. चर्चमधलं घरात आणत नाही, एका घरचं दुसऱ्या घरी नेत नाही. सगळं पोटात. आता बांध मोजला का, जमीन सोडली का, कोण कुणाच्या पाया पडलं, काही म्हणजे काही कळू दिलं नाही.”

माईंच्या तोंडावर खरोखरच दुःख होतं. आपल्याकडं एवढी मोठी गोष्ट शिनोली फाट्यावरून मंचरच्या एसटीत बसून निघाली असती आणि दुपारच्या आत तिच्यात चार पदरच्या गोष्टी मिसळून परत आली असती. मला मात्र तो मास्तर फार मोठा वाटला. भक्तीचा उमाळा येणं सोपं आहे, सप्ताहात तर लाउडस्पीकरनंही येतो. महत्त्वाची बातमी पोटात ठेवून शुगरचं निमित्त सांगणारा माणूस तयार व्हायला किती रविवार लागत असतील!

“मिरजेला पण असंच होतं का सगळं?” मी विचारलं.

“तिथं आम्हाला वेळ कुठं होता! डॉक्टर वानलेसनी १८९४ मध्ये हॉस्पिटल काढलं, तेव्हापासूनचा शिरस्ता, सकाळी आधी प्रार्थना आणि मग वॉर्ड. मी हिंदू, पण उभी राहायचे. डोळे मिटले की झोप यायची. त्यांच्याच नावानं वानलेसवाडी आहे बघ, सांगलीच्या रस्त्याला. आमच्याबरोबर मिझोरामची एक होती, तीही प्रेसबिटेरियन. त्यांचं चर्च वेगळं, ते त्या १९७० च्या एकीत आलेच नाहीत. ती सांगायची, त्यांच्याकडं घरातली बाई भात टाकताना दर वेळी एक मूठ तांदूळ बाजूला काढते, चर्चसाठी. मुठी-मुठीनं शाळा आणि पाद्र्यांचे पगार निघतात.”

“ह्यॅ, त्यात काय,” आत्याबाई एकदम खुलल्या. “आपल्या भाऊराव पाटलांनी बी बोर्डिंगसाठी मूठ-मूठ धान्य गोळा केलंय. माझी आय दळायला बसली की आधी मूठ बाजूला काढायची.”

मग त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. पावट्याची सालं सुपात गोळा केली, झटकली, गोठ्याकडं जाऊन गाईपुढं टाकून आल्या. वळून एकदा रस्त्यापलीकडं धाकट्या जावेच्या घराकडं पाहिलं, तिथं दिवा लागला होता. माईंनी आणि मी एकमेकींकडं बघितलं. माई हळूच म्हणाल्या, “यंदाच्या सप्ताहाच्या पोळ्यांची यादी कुणाकडं आहे गं?” मी म्हटलं, अजून कुणाकडंच नाही.

आत्याबाई परत आल्या, ओट्यावर टेकल्या.

“नर्सबाई, एक इचारू?”

“विचारा की.”

“ती कोंबडी तिसऱ्यांदा कुनी घेतली?”

“माझ्या मैत्रिणीनं. तीनशेला. तोपर्यंत सगळ्यांचे खिसे रिकामे झाले होते.”

“मंग खाल्ली?”

“नाही हो. मास्तर कापू देईना. म्हणतो, पोरं सुट्टीला आली की बघू. घरात फिरतेय, मास्तरच्या खुर्चीखाली अंडं घालते.”

“गावरान,” आत्याबाई विचार करत म्हणाल्या, “तीनशेला सस्तीच पडली.”