वस्तऱ्याखालची लोकशाही

आमच्या गल्लीतल्या सलूनमध्ये आरशावर पाटी आहे : ‘येथे राजकीय चर्चा करू नये.’ तिच्याखाली बसून आम्ही दुसरं काहीच करत नाही. २३ नोव्हेंबर २०१९चा पहाटेचा शपथविधी आदल्या रात्रीच ठाऊक असलेले चार जण इथे आहेत. सकाळी टीव्ही बघून चहा मात्र चौघांच्याही हातून सांडला होता.

२०११च्या वानखेडेवरच्या फायनलला युवराजच्या आधी धोनीनं यावं, हाही याच बाकड्यावरचा सल्ला. धोनीनं तो मानला, नाबाद ९१ काढल्या आणि आमचे आभार मानायला विसरला. एकादशी स्मार्तांची धरायची की भागवतांची, यावर तावातावानं बोलणारे काका दोन्ही दिवशी मिसळ चापून आलेले असतात.

गळ्यावर वस्तरा असेपर्यंत गिऱ्हाईक कुणाशीही सहमत असतं. फेस पुसला, की मतभेद सुरू. मालकाचं मत गिऱ्हाईकागणिक बदलतं. टॉवेल तेवढा तोच राहतो.

आणि उठताना वाद कुणीही जिंकलेला असो, दाढीचे पैसे हरल्यासारखेच द्यावे लागतात.