सूर्येचे पाणी आणि उताराचा नियम

पाणी उताराकडे वाहते, हा पदार्थविज्ञानाचा नियम पालघर जिल्ह्याला लागू नसून येथे ते सदनिकांकडे वाहते, हे सूर्या प्रकल्पाच्या वाटचालीवरून पुरेशा पुराव्यानिशी दाखवता येते. धामणी धरण व त्याखालचा कवडास बंधारा यांचे मूळ घोषित प्रयोजन आदिवासी भागातील शेतीचे सिंचन हे होते. पुढे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने ४०३ दशलक्ष लिटर प्रतिदिन, म्हणजे रोज ४० कोटी ३० लाख लिटर पाण्याची योजना आखून त्यातील १८५ दशलक्ष लिटर वसई-विरारला आणि २१८ मीरा-भाईंदरला नेमून दिले. परिणामी पाड्यावरच्या वारली शेतकऱ्याला कालव्याची वाट पाहता पाहता शहराकडे निघालेल्या जलवाहिनीचे दर्शन घडले, आणि दर्शनावर अद्याप पाणीपट्टी आकारली जात नाही, हे शासनाचे औदार्यच म्हटले पाहिजे.

धरणाने उठवलेल्या कुटुंबांपैकी काही डहाणू तालुक्यातील हनुमाननगर येथे वसवली गेली आणि तेथे ती स्थिरावत असतानाच मुंबई-वडोदरा द्रुतगती महामार्गाच्या व बुलेट ट्रेनच्या आखणीने त्यांचा पुन्हा शोध घेतला. विकासाची रेघ सरळच असते, फक्त तिला विस्थापितांचा पत्ता पाठ असतो. या क्षेत्रात पेसा, म्हणजे भूसंपादनापूर्वी ग्रामसभेशी विचारविनिमय बंधनकारक करणारा १९९६ चा कायदा लागू आहे. त्यात विचार ग्रामसभेने करावा आणि विनिमय जमिनीचा व्हावा, अशी श्रमविभागणी व्यवहारात रूढ झालेली दिसते.

या बाबतीत आफ्रिकेची तुलना उद्बोधक ठरते. बोत्सवाना सरकारने २००२ मध्ये मध्य कलहारी अभयारण्यातून सान या आदिम शिकारी समाजाला हलवताना त्यांची कूपनलिका बंद केली. २००६ मध्ये तेथील उच्च न्यायालयाने हे हलवणे बेकायदा ठरवले, तरी कूपनलिका वापरण्याचा हक्क मिळण्यासाठी २०११ च्या अपील न्यायालयाच्या निकालापर्यंत थांबावे लागले, आणि दरम्यान त्याच अभयारण्यातील पर्यटक-निवासाला पोहण्याचा तलाव लाभला. पालघरचे प्रशासन इतके असंस्कृत नाही. येथे कोणाचे पाणी तोडावे लागत नाही, ते केवळ पुढे न्यावे लागते.

वसई-विरारचा रहिवासी टँकरला पैसे मोजून खरोखरच गांजलेला आहे, आणि म्हणूनच आधी इमारती उभ्या करून मग पाणी शोधणाऱ्यांना त्याच्याइतका प्रामाणिक वकील दुसरा मिळत नाही. वस्तुतः वसईला हा प्रश्न नवा नाही. वाडीतल्या विहिरी उपसून टँकर इमारतींकडे निघाले, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखालील हरित वसई चळवळीने त्याविरुद्ध आवाज उठवला होता, कारण विहीर वसईची होती. धामणीचे धरण मात्र वसईतून दिसत नाही, आणि जलवाहिनी जमिनीखालून येत असल्याने तिला टँकर म्हणता येत नाही.