निवांत कोपरा, फक्त बघण्यासाठी

फ्लॅट घेतला की आधी बाल्कनी काचा लावून हॉलमध्ये घ्यायची आणि वर्षभराने इंटिरियरवाल्याला पैसे मोजून त्याच हॉलात 'बाल्कनीचा फील' आणायचा, ही सध्याची रीत. प्लास्टिकची हिरवळ, वेताचा अंड्यासारखा झोपाळा, पिवळ्या दिव्यांची माळ. उशांच्या खोळी पांढऱ्या, म्हणून मुलांना बंदी. आजोबा एकदा त्या अंड्यात बसले, तर त्यांना बाहेर काढायला दोन माणसं लागली. तेव्हापासून तिथे टॉवेल वाळतात.

कोकणातल्या ओटीवर तुळईला टांगलेला सागवानी झोपाळा असे. पुण्याच्या वाड्यांत दरवाजातून शिरताच दोन्ही बाजूंना देवड्या. बांधल्या पहारेकऱ्यांसाठी, रंगल्या गप्पांनी. सुपारी कातरणारा एक आणि ऐकणारे चार असले की पुरे, थीम वगैरे लागत नसे. (बायकांचा कोपरा मात्र मागच्या दारी, आणि तिथेही हातात निवडायची भाजी. स्मरणरंजनवाले हे सांगत नाहीत.)

वाडे पाडून उठलेल्या सोसायट्यांच्या माहितीपत्रकात आता 'ज्येष्ठ नागरिक कट्टा' असतो. ज्येष्ठ मात्र पार्किंगमध्ये, वॉचमनशेजारी, मोडक्या खुर्च्यांवर सापडतात. परवाच कमिटीची नोटीस लागली: खुर्च्या हटवा, इमारतीची शोभा जाते.