निषेधाचा सराव

फॉर्म्युला वनच्या २०२६ च्या हंगामासाठी गाड्यांचा पहिला सराव जानेवारीअखेर बार्सिलोनात झाला. बंद दाराआड. प्रेक्षक नाहीत, पत्रकार नाहीत. चाहत्यांनी स्वतःचा सराव मात्र नियमावली जाहीर झाली त्या जून २०२४ पासूनच भर चौकात चालू ठेवला आहे. त्यामुळे मार्चमध्ये मेलबर्नला लाल दिवे विझतील तेव्हा कुणाची गाडी धड चालेल हे सांगता येत नसलं, तरी चाहता पहिल्या वळणाआधीच पूर्ण तापलेला असेल.

त्याची बाजूही ऐकून घेऊ. गेली कित्येक वर्षं तो घसा फोडून सांगत होता की गाड्या फार अवाढव्य झाल्या, मोनॅकोच्या गल्ल्यांत दोन शेजारी-शेजारी मावेनात. खेळाचे नियम ठरवणाऱ्या एफआयएने ऐकलं. व्हीलबेसची मर्यादा वीस सेंटिमीटरने आखडली, रुंदी दहा सेंटिमीटरने घटवली, वजनातून तीसेक किलो उतरवले. चाहत्याने टेप लावून बघितली आणि विचारलं, "बस, एवढंच?"

मग डीआरएस. २०११ साली हे प्रकरण आलं. पुढच्या गाडीपासून सेकंदाच्या आत पोचलं की मागची विंग उघडायची आणि सरळ रस्त्यावर पुढे निघायचं. "हे ओव्हरटेकिंग खोटं आहे," असं पंधरा हंगाम न चुकता ऐकलं. आता डीआरएस काढून टाकलं, तर लगोलग शोकसभा भरली. किती साधं होतं, किती सोपं होतं, लहान पोरालाही कळायचं! नव्या पद्धतीत पुढच्या-मागच्या दोन्ही विंगा हलणार, त्याही सगळ्यांच्या. आणि सेकंदाच्या आत आलेल्याला विजेची जादा ताकद मिळणार. त्या व्यवस्थेचं नाव ओव्हरटेक मोड. तिच्या जोडीला बूस्ट आहे, रिचार्ज आहे. विंगांच्या स्थितींना आधी एक्स मोड आणि झेड मोड अशी नावं होती, ती कळत नाहीत म्हणून ओरड झाली. आता ती कळतात, म्हणून ओरड आहे. मोबाईल कंपनीची जाहिरात वाटते म्हणे.

खरी धुसफूस आहे ती इंजिनावर. इंजिन तेच, १.६ लिटरचं व्ही सिक्स टर्बो. पण विजेची मोटर १२० किलोवॅटवरून थेट ३५० वर गेली, पेट्रोलचा वाटा घटून चारशेच्या आसपास आला, म्हणजे जवळपास निम्मी-निम्मी वाटणी. लांबलचक सरळ रस्त्यावर बॅटरी संपली तर काय, अशी शंका ड्रायव्हर मॅक्स वर्स्टॅपनने २०२३ मध्येच बोलून दाखवली होती. मोंझाच्या ट्रॅकवर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असतानाही गिअर खाली टाकावे लागतील, असं त्याचं म्हणणं. ज्याने सिम्युलेटरमधली आकडेवारी पाहिली त्याने हे बोलावं, ठीक. पण आता ठाण्यातला चाहताही त्याच आत्मविश्वासाने बोलतो, जणू शनिवारी घोडबंदर रोडवर त्याने स्वतः खात्री करून घेतली आहे.

एफआयएचाही जीव या नियमांत फारसा रमलेला दिसत नाही. हे नियम लागू व्हायच्या आधीच, २०२५ मध्ये, अध्यक्ष महंमद बेन सुलेम जुन्या व्ही टेन इंजिनांच्या पुनरागमनाबद्दल बोलू लागले. नवऱ्या मुलाने बोहल्यावर उभं राहून पहिल्या स्थळाची चौकशी करावी, तसं झालं. मग चाहत्याने तरी का आवरावं?

तरी चाहत्याची स्मरणशक्ती सोयीची असते. २०१४ चे नियम आठवा. हायब्रिड टर्बो आले आणि आवाज बसला. मेलबर्नच्या शर्यतीचे प्रमुख रॉन वॉकर यांनी उघड नाराजी व्यक्त केली, ड्रायव्हर सेबास्टियन फेटेलने तर शिवीच हासडली. मग मे महिन्यात मर्सिडीजने बार्सिलोनाच्या चाचणीत एक्झॉस्टला चक्क कर्णा लावून पाहिला. आवाज काही वाढला नाही, हसू मात्र झालं. त्यात गाड्यांची नाकं सुरक्षेसाठी खाली आणल्यावर अशी काही विचित्र निघाली की त्यांच्यावर दिवसरात्र चर्चा. शिवाय अबू धाबीच्या शेवटच्या शर्यतीला दुप्पट गुण. याने विजेतेपदाचा बाजार होईल म्हणून चाहत्यांनी रान उठवलं. शेवटी हॅमिल्टन ती शर्यत जिंकला, विजेतेपदासाठी त्याच्याशी झुंजणाऱ्या रोझबर्गची गाडी बिघडली, आणि दुप्पट गुणांशिवायही निकाल तोच लागला असता. पुढच्या वर्षी नियम गुपचूप मागे घेतला.

या सगळ्या गदारोळात मर्सिडीजच्या इंजिनवाल्यांनी ब्रिक्सवर्थच्या कारखान्यात टर्बोचे दोन भाग इंजिनाच्या दोन टोकांना बसवले होते. त्याविरुद्ध कुणी फलक धरला नाही. धरणार कसा? ते दिसत नव्हतं, ऐकूही येत नव्हतं. त्या वर्षी १९ पैकी १६ शर्यती मर्सिडीजने जिंकल्या आणि संघांचं विजेतेपद लागोपाठ आठ वर्षं घरी नेलं. चाहता त्या वेळी नाकं मोजत होता.

अर्थात तो कधीकधी बरोबरही ठरतो, आणि तेच जास्त धोक्याचं. २०१६ साली पात्रता फेरीत दर दीड मिनिटाला एकेकाला बाद करण्याची टूम निघाली. चाहते म्हणाले, फसेल. मेलबर्नला शेवटच्या मिनिटांत ट्रॅक रिकामा आणि चौकड्यांचा झेंडा हवेला दाखवलेला. दोन शर्यतींत प्रयोग गुंडाळला. तेव्हापासून चाहता स्वतःला घटनापीठ समजतो.

"हा खेळ राहिला नाही, तमाशा झालाय," हे त्याचं ठरलेलं वाक्य. उत्तर प्रदेश सरकारला हे फार आधी कळलं होतं. ग्रेटर नोएडाच्या शर्यतीला खेळ न मानता त्यांनी करमणूक कर लावला. आता तिन्ही वर्षं, २०११ ते २०१३, एकटा फेटेलच जिंकला, म्हणजे करमणूक तरी कितपत झाली हा वादाचा मुद्दा.

सध्या पॅडॉकमध्ये एक कुजबुज आहे. कॉम्प्रेशन रेशोची मर्यादा अठरावरून सोळावर आणली, पण मोजमाप थंड इंजिनाचं. गरम झाल्यावर एखाद्याच्या इंजिनात तो आकडा वर सरकत असेल तर? हंगाम फिरवण्याइतकी ताकद या एका प्रश्नात असू शकते. एका कट्टर चाहत्याला मी हे मोठ्या उत्साहाने समजावून सांगितलं. सिलिंडर, पिस्टन, धातूचं प्रसरण, सगळं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"ते असेल," तो म्हणाला. "पण आवाज ऐकलास का?"